पालेगावच्या हिराबाईंकडून ससा मिळण्याबाबत

प्रति,
ज्यांच्या घरी ससा आणण्याचे घाटत आहे असे सर्व वाचक.

निवेदन करणार : पांडुरंग धोंडू साळसकर, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय अर्जनवीस, शिक्षण सातवी नापास परंतु अक्षर सुवाच्य, राहणार उल्हासनगर कॅम्प ४.

ज्यांच्याविषयी निवेदन : श्रीमती हिराबाई नामदेव पाटील, व्यवसाय भाजीविक्री व ससेपालन, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व.

प्रकरणाचा काळ : सन १९८४ पासून पुढे बारा वर्षे, विशेषेकरून १९८७ चा उन्हाळा.

साक्षीदार : (१) श्री. लछमनदास, कापड दुकानदार, कॅम्प ४. (२) श्री. कुलकर्णी मास्तर, निवृत्त शिक्षक, शिवमंदिर परिसर. (३) साखरी नावाची पांढरी सशीण, सही अथवा अंगठा देण्यास असमर्थ.

विनम्र निवेदन ऐसे की, गेली एकोणतीस वर्षे मी कचेरीबाहेर टेबल मांडून दुसऱ्यांच्या वतीने लिहीत आलो आहे. नळजोडणी, वारसनोंद, शिधापत्रिका, शेजाऱ्याचे कुत्रे, सासऱ्याचा छळ, अशा हरएक विषयावर माझ्या हातचे कागद या तालुक्याच्या दप्तरांत मिळतील. प्रस्तुतचा कागद मात्र मला कोणीही सांगितलेला नाही. तो मी स्वतःच्या वतीने लिहीत आहे आणि त्याचे कारण हिराबाई आहेत.

हिराबाई उंचीने बेताच्या, चालीने भराभर. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, कपाळ मोकळे, आणि कमरेला नेहमी ओल्या गवताची एक जुडी खोवलेली. अंबरनाथहून पालेगावला पायी जाताना वाटेत बांधावर चांगली हरळी दिसली की त्या बोलणे न थांबवता वाकत, उपटत, झटकत आणि कमरेला खोवत. सोमवारी त्या शिवमंदिराच्या वाटेवर भाजी घेऊन बसत. त्या दिवशी समोर बेलाची पाने असत आणि मागे, गिऱ्हाइकाला दिसू नये अशा बेताने, मुळ्याचा उरलेला पाला जमा होत असे. कोणी तो पाला मागितला तर त्या सांगत, "तो इकायचा नाय. त्याचं मालक घरी हायेत."

हे मालक त्यांच्याकडे आले ते एका चुकीपायी. त्यांचे यजमान काडेपेटीच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर बैल विकले गेले आणि गोठा रिकामा पडला. हिराबाई कारखान्याच्या वसाहतीत भाजी देत असत. तिथल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी मुलांचे दोन पांढरे ससे भाजीच्या खोक्यात घालून हिराबाईंच्या हवाली केले आणि दोन्ही माद्या आहेत, काळजी नसावी, असे छातीठोकपणे सांगितले. त्या दोन माद्यांचे पावसाळा संपेपर्यंत अकरा झाले. हिराबाई हे सांगताना कधी हसत नसत, त्यामुळे ऐकणारा अधिक हसे. म्हणत, "साहेबाला कारखान्यातलं मशीन वलखता येत व्हतं. ससा नाय."

त्यानंतर त्यांनी गोठ्याच्या मधोमध कमरेइतकी भिंत घातली, वर जाळी लावली, एका बाजूला बाया आणि एका बाजूला बापे असे दोन भाग केले, जोडी लावायची ती ठरवूनच लावली, आणि ससा या प्राण्याचा अभ्यास सुरू केला. पुस्तक नव्हते, असते तरी वाचता येत नव्हते. रोज सकाळी त्या प्रत्येक सशाच्या अंगावरून हात फिरवीत. नाक ओले आहे का, दात वाढले आहेत का, मागचा भाग स्वच्छ आहे का, लेंडी कोरडी आणि गोल आहे का, हे सगळे हाताला आणि डोळ्याला एकदम कळत असे. दात झिजावेत म्हणून पेरूच्या डहाळ्या टाकीत. खाली वाळलेले गवत जाडसर अंथरीत आणि ओले झालेले रोज काढीत. उन्हाळ्यात जाळीवर भिजवलेली गोणपाटे टाकीत. गोठ्याजवळ गेल्यावर त्यांचा आवाज आपोआप खाली येई. मंदिरात गेल्यासारखा, असे मी एकदा म्हणालो, तर त्यांनी मला दुरुस्त केले. मंदिरात लोक घंटा बडवतात, म्हणाल्या, इथे तेही नको.

त्यांच्यासारखी विक्रीची पद्धत सबंध पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाची नव्हती. ससा त्या बाजारात कधी नेत नसत. ज्याला हवा त्याने पालेगावला यावे, आणि एकदा नव्हे, दोनदा यावे. पहिल्या खेपेला कितीही पैसे दाखवले तरी ससा मिळत नसे. "पहिल्या खेपेला तुमी ससा बघायचा," त्या सांगत, "दुसऱ्या खेपेला ससा तुमाला बघंल." दुसऱ्या खेपेला येताना स्वतःच्या हाताने कापलेले गवत आणणे सक्तीचे होते. नोकराने कापलेले त्या ओळखीत. कसे, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो लछमनदासांबरोबर. आमच्या शेजारचे हे सिंधी व्यापारी, भल्या मनाचे, परंतु प्रत्येक गोष्टीचा दोन मिनिटांत निकाल लावणारे. नातीला ससा हवा होता. मला बरोबर घेतले, कारण त्यांच्या मते कुठेही काही लिहावे लागले तर माणूस बरोबर असलेला बरा. स्वच्छ पांढरा पायजमा घालून ते गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि खिशात हात घालून म्हणाले, "माई, रोकडा देतो. सौदा खतम कर."

हिराबाई म्हणाल्या, "अजून सुरू बी नाय झाला. हात बघू."

लछमनदासांनी ज्योतिषासमोर धरावा तसा हात पुढे केला. हिराबाईंनी नखे पाहिली. मग विचारले, ससा उचलणार कसा? लछमनदासांनी हवेत दोन कान पकडून दाखवले, कारण कॅम्पातल्या बाजारात सगळे तसेच उचलतात. हिराबाईंनी लछमनदासांचाच कान दोन बोटांत धरला. ओढला नाही, फक्त धरला. पन्नाशीचा व्यापारी, दोन दुकानांचा मालक, एका भाजीवालीच्या चिमटीत कान देऊन उभा आहे, हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही.

"आता तुमाला इथनं वर उचलते," त्या म्हणाल्या.

"समझ गया, माई, समझ गया," लछमनदास म्हणाले.

मग हिराबाईंनी त्यांना गवतावर मांडी घालून बसवले. ससा पकडायचा नाही, त्याने यायचे. पांढऱ्या पायजम्याची काळजी करत लछमनदास सुमारे अर्धा तास बसले. मी दुरून पाहत होतो. एक करडा ससा आला, त्यांच्या गुडघ्याचा वास घेतला, परत गेला, पुन्हा आला आणि पायजम्याची नाडी चावू लागला. लछमनदास हलले नाहीत. हसू दाबल्यामुळे त्यांचे पोट तेवढे हलत होते. एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली देऊन, अंगाशी धरून उचलायचे, हे हिराबाईंनी तेव्हा शिकवले. दुसऱ्या खेपेला त्यांना दोन माद्या मिळाल्या, कारण एकटा ससा झुरतो आणि एकाच घरात नर-मादी दिले तर काय होते ते हिराबाईंना ठाऊक होते. त्या सशिणी आठ वर्षे जगल्या. दुकानाच्या मागच्या खोलीतल्या सगळ्या विजेच्या तारा लछमनदासांना भिंतीवर वर चढवाव्या लागल्या. पुढे ते येणाऱ्या गिऱ्हाइकाला कापड दाखवायच्या आधी ससे दाखवीत आणि विचारीत, "साईं, उठाके दिखाओ." चुकीचा हात घातला की स्वतःच्या कानाकडे बोट दाखवीत.

कुलकर्णी मास्तरांची गोष्ट थोडी वेगळी. मास्तर विद्वान. सशाला पाणी लागत नाही, ओला पाला पुरतो, हे ते चाळीस वर्षे वर्गात सांगत आले होते, आणि हिराबाईंच्या गोठ्यात पाण्याने भरलेली जड मातीची कुंडी पाहून त्यांनी ते पुन्हा सांगितले. हे अनेकांना वाटते, माझीही तशीच समजूत होती. हिराबाईंनी वाद घातला नाही. मास्तरांना सावलीत बसायला पाट दिला, त्यांनाही प्यायला पाणी दिले, आणि आपण वांग्यांना आळे करायला गेल्या. चैत्राचे दिवस होते. थोड्या वेळाने एक सशीण कुंडीशी आली आणि मान खाली घालून पिऊ लागली. ती पीतच राहिली. मास्तरांचे भांडे संपले तरी तिचे संपेना. हिराबाई मातीचे हात झटकत परत आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "मास्तर, पुस्तकाला तान लागत नाय."

मास्तर मोठ्या मनाचे. त्यांनी ससा घेतला नाही, आपल्या वयाला आता आठ-दहा वर्षांचा शब्द देता येत नाही असे सांगितले. हिराबाईंनी त्यांना दारापर्यंत पोचवले. रिकाम्या हाताने परत जाणाऱ्यांचा त्या अधिक मान ठेवीत, हे मी पुष्कळदा पाहिले. कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत राहणारे एक तरुण जोडपे आले होते, त्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की वैशाखात पत्र्याखाली माणूस घामाने सुटतो, सशाला घाम येत नाही, तो आतल्या आत शिजतो. त्यातली तरुणी रडवेली झाली. हिराबाईंनी तिला वांगी दिली, ससा दिला नाही. दोन वर्षांनी तेच जोडपे बदलापूरच्या नव्या जागेतून, गच्ची सावलीत आहे असे सांगत, गवत घेऊन हजर झाले आणि जिंकल्यासारखे दोन ससे घेऊन गेले.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. यात माझाही हात आहे, आणि तो अक्षरशः आहे.

सन सत्त्याऐंशीच्या मार्चअखेर एका कारखान्यातले अधिकारी, त्यांना आपण देशमाने साहेब म्हणू, मोटार घेऊन पालेगावला आले. मुलीचा दहावा वाढदिवस रविवारी होता. त्यांची कल्पना अशी की टेबलावर फुलांनी सजवलेली परडी ठेवायची, तीत सशाची सहा पिल्ले, आणि खेळात जिंकणाऱ्या प्रत्येक मुलाला जाताना एक पिल्लू बक्षीस. गोठ्यात तेव्हा साखरीची सहा पिल्ले होती, वीस दिवसांची. हिराबाईंनी सांगितले की डोळे आत्ता कुठे उघडले आहेत, दूध सुटलेले नाही, दोन महिन्यांची झाल्याशिवाय देणार नाही, आणि ज्या सहा घरांत जाणार त्या सहा घरांतली माणसे आधी इथे यायला हवीत.

साहेब म्हणाले, "मी पैसे देतोय, बाई. उपकार मागत नाहीये."

"मी बी उपकार नाय करत," हिराबाई म्हणाल्या. "म्हनून तर देत नाय."

वाढदिवस सशांविना झाला. साहेबांनी वसाहतीत आधीच सर्वांना सांगून ठेवले होते, त्यामुळे त्यांची शोभा झाली. पुढच्या मंगळवारी ते माझ्या टेबलाशी आले. हिराबाईंचे नाव न घेता त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली : पालेगाव हद्दीत एका घराच्या मागील बाजूस प्राण्यांचा विनापरवाना साठा. दुसऱ्या वाक्याला मला घर कळले. तरीही मी लिहिले. आमचा व्यवसाय सांगेल ते लिहिण्याचा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि एकदा लेखणी चालू झाली की ती चांगलीच चालते हा माझा गुण म्हणावा की दोष. साहेबांनी दुर्गंधी सांगितली, मी 'असह्य दुर्गंधी' केली. त्यांनी माश्या सांगितल्या, मी 'माश्यांचा प्रादुर्भाव व तज्जन्य रोगराई' केली. रस्त्यावर घाण टाकतात, हे त्यांनी ऐकलेले होते, ते मी 'स्वतः पाहिले' असे केले. तीन मुद्दे झाले. माझ्या अनुभवाने तक्रारीला किमान चार मुद्दे असावे लागतात. कोंबड्या आणि कुत्री यांच्याविरुद्ध मी शेकड्याने अर्ज लिहिले आहेत, त्यांतला चौथा मुद्दा माझ्या बोटांना पाठ आहे. तो मी साहेबांना न विचारताच घातला, आणि त्यांनी न वाचताच सही केली.

पंधरा दिवसांनी हिराबाईंना नोटीस मिळाली. आरोग्य खात्याचे निरीक्षक अमुक तारखेस समक्ष पाहणी करतील, तत्पूर्वी खुलासा द्यावा, तक्रारीत तथ्य आढळल्यास सर्व प्राणी हलवावे लागतील. गोठ्यात तेव्हा एकतीस ससे होते. हलवायचे तर कुठे? दोन दिवसांत एकतीस योग्य घरे मिळत नसतात. बाजारातला एक दलाल मात्र बातमी लागताच पालेगावला येऊन गेला होता. सगळे एकरकमी उचलतो, म्हणाला. त्याने कशासाठी उचलले असते ते हिराबाईंना कळत होते.

त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा कमरेला गवत नव्हते. नोटिशीला तक्रारीची झेरॉक्स नक्कल जोडलेली होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि एका अक्षरावर बोट ठेवले.

"हे तुमचं ना?"

मी विचारले, तुम्हाला वाचता कधीपासून येऊ लागले.

"वाचता नाय येत. वलखता येतं. मंदिराच्या पाटीवरचं अक्षर तुमीच काढलं व्हतं ना? तिथं बी असाच पाय मुडपलाय."

एकतीस सशांना कानाच्या शिरांवरून वेगळे ओळखणारी बाई. तिला माझे अक्षर ओळखणे काय जड होते? मी हो म्हणालो. त्या रागावतील अशी मी वाट पाहत होतो.

"चांगलं लिवलंय?" त्यांनी विचारले.

"चांगले लिहिले आहे," मी म्हणालो.

"मग माजं बी तसंच लिवा."

आमच्या धंद्यात संकेत असा की एकाच प्रकरणाच्या दोन्ही बाजू एका हाताने लिहू नयेत. शेजारच्या टेबलांवरून तत्काळ शेरे सुरू झाले. साळसकर आता दोन्ही हातांनी जेवणार, असे एकाने मोठ्याने म्हटले. मी तो संकेत त्या दिवशी मोडला, आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही. मी अकरा मुद्द्यांचा खुलासा योजला होता. पाळीव प्राण्यांची व्याख्या, तक्रारदाराचा आकस, वैधव्य, उपजीविकेचा प्रश्न. हिराबाईंनी तो ऐकून घेतला आणि एकेक मुद्दा हाताने बाजूला सारला. वैधव्य काढा, म्हणाल्या, त्याचा सशाशी काय संबंध? शेवटी खुलासा उरला तो असा : मी ससे पाळते हे खरे आहे. साहेबांनी सकाळी यावे आणि थोडा वेळ बसावे. एवढाच. मी दोनदा 'माननीय' घातले, ते त्यांनी चालवून घेतले.

पाहणीची सकाळ एप्रिलमधली, लख्ख उन्हाची. निरीक्षक आले, त्यांच्यासोबत एक कारकून. तक्रारदार या नात्याने देशमाने साहेब आले, आणि परीक्षा संपून सुट्टी लागल्यामुळे त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी आली. साक्षीदार म्हणून लछमनदास दुकान बंद करून आले होते, आणि कुलकर्णी मास्तर छत्री घेऊन. मी होतोच. हिराबाईंनी जाळीवरची गोणपाटे नुकतीच भिजवली होती. त्यांनी निरीक्षकांना नमस्कार केला आणि चपला बाहेर काढून गवतावर बसायला सांगितले. निरीक्षक म्हणाले की ते उभ्याने पाहणी करतात.

"उभ्या मानसाला ससा दिसत नाय, साहेब. त्याची पाठ दिसते," हिराबाई म्हणाल्या.

लछमनदास आधीच मांडी घालून बसले होते. त्यांनी शेजारची जागा थोपटून दाखवली. निरीक्षक बसले. मग देशमाने साहेबांनाही इस्त्रीच्या पँटीनिशी बसावे लागले.

कारकुनाने मुद्दे वाचायला घेतले. मुद्दा एक, असह्य दुर्गंधी. निरीक्षकांनी श्वास घेतला. वास येत होता, पण सुक्या गवताचा आणि ओल्या गोणपाटाचा. मुद्दा दोन, माश्यांचा प्रादुर्भाव. निरीक्षकांनी इकडे तिकडे पाहिले. एक माशी होती, ती कारकुनाच्या डब्यावर. मुद्दा तीन, रस्त्यावर घाण टाकणे. हिराबाईंनी मागचे दार उघडून वांग्याचा वाफा दाखवला. लेंड्या सगळ्या तिथे जात. निरीक्षक उठून गेले, एक वांगे हातात तोलून पाहिले आणि पुन्हा येऊन बसले.

कारकुनाने चौथा मुद्दा वाचला : "सदर प्राण्यांच्या अहोरात्र चालणाऱ्या कर्कश आवाजामुळे परीक्षार्थी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात व रुग्णांच्या झोपेत गंभीर व्यत्यय येत आहे."

तो कोंबड्यांचा मुद्दा होता.

निरीक्षक सचोटीचे गृहस्थ. त्यांनी हात वर करून सर्वांना शांत राहण्याची खूण केली आणि ऐकू लागले. आम्ही सगळे ऐकू लागलो. एकतीस ससे आमच्या आजूबाजूला होते. दूर कुठेतरी गिरणीचा पट्टा फिरत होता. मास्तरांनी छत्री मिटली, ती केवढ्याने वाजली. पुन्हा शांतता. मग खरोखरच एक आवाज आला. साखरी मुळ्याचे पान खात होती. बारीक, सलग, कुरकुर, कुरकुर.

निरीक्षक देशमाने साहेबांकडे वळले. "हाच का तो कर्कश आवाज?"

लछमनदासांनी तोंडावर रुमाल धरला. कारकून कागदाआड गेला. देशमाने साहेबांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा निरीक्षकांनीही पाहिले.

"हे कोणी लिहिले?"

मी उभा राहिलो. "मी, साहेब."

"आणि हा खुलासा? अक्षर तेच दिसते."

"तोही मीच."

"मग या दोन्हींतले खरे कोणते?"

एकोणतीस वर्षांत मला विचारला गेलेला सर्वांत अवघड प्रश्न हाच. उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही.

"लहान," मी म्हणालो.

निरीक्षकांनी तिथेच गवतावर, कारकुनाची पाठ मेजासारखी वापरून, शेरा लिहिला. प्राणी निरोगी, जागा स्वच्छ, तक्रारीत तथ्य नाही, प्रकरण दप्तरी दाखल. मी पुष्कळ शेरे वाचले आहेत. यापेक्षा सुंदर मराठी मी वाचलेली नाही.

आम्ही सारे कागदाकडे पाहत असताना कोणाचे लक्ष त्या मुलीकडे नव्हते. ती सबंध वेळ भिंतीशी हात उघडा ठेवून बसली होती, कोणी न सांगता. साखरी पान संपवून तिच्याकडे गेली होती आणि तिच्या मांडीला टेकून पसरली होती. हिराबाईंनी ते सगळ्यांच्या आधी पाहिले. त्या देशमाने साहेबांना म्हणाल्या, "पोर तुमची पास हाय. तुमचं बगू."

साहेब उठले. मोटारीपर्यंत गेले आणि परत आले. पिल्ले दोन महिन्यांची कधी होतील, असे त्यांनी खाली पाहत विचारले. ती झाली त्या आठवड्यात ते एकटे आले. मोटार त्यांनी लांब उभी केली होती आणि हातात गवताचा भारा होता. हिराबाईंनी भारा पाहिला नाही, तळहात पाहिले. बोटांवर पात्यांचे बारीक ओरखडे होते. त्या दिवशी साखरीच्या दोन पिल्लांना घर मिळाले. माझ्या माहितीप्रमाणे देशमाने साहेब पुढे वसाहतीत ससा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी पालेगावला पाठवीत, आणि चुकूनही परडीची गोष्ट काढीत नसत.

चौथ्या मुद्द्याची कीर्ती कचेरीभर झाली. साळसकरांनी मुद्दाम डाव टाकला, असे लोक म्हणू लागले, आणि मी ते नाकारले नाही, हे प्रांजळपणे लिहितो. एकट्या हिराबाईंनी मला समोर बसवून विचारले, मुद्दाम लिहिले होते का? त्यांच्याशी खोटे बोलणे अवघड. नाही, म्हणालो, सवयीने लिहिले.

"मग लिवायच्या आदी एक खेप यायला नको?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीत वांगी घातली. तेव्हापासून कोणाविरुद्ध अर्ज लिहायचा असेल तर मी आधी जागेवर जाऊन येतो. धंदा थोडा कमी झाला. माझे अर्ज मात्र परत येईनासे झाले.

पुढे पालेगावात इमारती आल्या. हिराबाईंच्या मुलाने जुने घर पाडून नवे बांधायचे ठरवले, तेव्हा हिराबाईंनी स्वतःच नर-माद्यांमधली भिंत आणखी एक वीत उंच केली, नवी पिल्ले होऊ दिली नाहीत आणि दोन वर्षांत एकेक करून सर्व सशांना घरे मिळवून दिली. एकही दलालाकडे गेला नाही. शेवटचा ससा गेला त्या दिवशी त्यांनी गोठा धुतला आणि मुलीकडे बदलापूरला राहायला गेल्या.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते बदलापूरच्या बाजारात, सकाळच्या गर्दीत. एका अर्जासाठी जागा पाहायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक विक्रेता प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये सशाची इवलीशी पिल्ले घेऊन बसला होता. खरे म्हणजे बसलेला नव्हता, त्याला बसवले होते. त्याच्यासमोर हिराबाई उभ्या होत्या, पाठीत वाकलेल्या, हातात काठी. क्रेटवर कोणाची तरी ओली ओढणी पसरलेली होती आणि आत चहाच्या टपरीवरची बशी पाण्याने भरून ठेवलेली होती. भोवती दहा-बारा गिऱ्हाइके होती आणि त्यांतला एकही पाकीट काढायचे धाडस करीत नव्हता. एक गृहस्थ हात पुढे करून नखे दाखवीत होते. विक्रेता रडकुंडीला येऊन म्हणत होता, "आजी, माझा धंदा आहे हा." हिराबाई त्याला सांगत होत्या, "धंदाच शिकवते तुला. या पिल्लांना आईकडं ने. महिन्यानं आन. ही मानसं कुटं जात नाय." आणि आश्चर्य असे की त्या माणसांनी माना डोलावल्या. विक्रेत्याने क्रेट उचलला, डोक्यावर नव्हे, छातीशी धरून. गर्दीने त्याला वाट दिली. हिराबाई काठी टेकत त्याच्या मागे निघाल्या, तो खरोखर कुठे जातो ते पाहायला. मी हाक मारली नाही. त्या कामात होत्या.

सबब, वर नमूद केलेल्या सर्व वाचकांना नम्र विनंती की, ससा घेण्यापूर्वी आपण खालील गोष्टींचे लेखी उत्तर स्वतःच्या अक्षरात तयार करावे आणि घरातील सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आठ-दहा वर्षे दररोज गवत कोण आणणार, गावाला गेल्यावर पाणी कोण भरणार, वैशाखात सावली कोठे आहे, दुसरा ससा ठेवण्यास जागा आहे किंवा कसे, आणि ज्याच्यासाठी घेत आहात त्या मुलाचा उत्साह ओसरल्यावर जबाबदारी कोणाची. उत्तर 'होय' असे आल्यास जागेवर जाऊन, बसून, मगच ससा घ्यावा. उत्तर 'नाही' असे आल्यास तेही मला निःसंकोच कळवावे, मी ते तितक्याच आदराने दप्तरी दाखल करीन. उत्तर उलट टपाली मिळावे. न्याय व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
पां. धों. साळसकर
अर्जनवीस
(स्वतःकरिता)